वळणावरची हजेरी

इंगळे सर आमच्या पुढे कधी चालले नाहीत. बोथ्याच्या जंगलातली वाट नि वाट ज्याला ठाऊक, तो माणूस रांगेत सगळ्यात शेवटी, आणि ज्यांनी ते रान जन्मात पाहिलं नव्हतं अशी आम्ही पोरं पुढे. पहिल्या दिवशीच वसंता पाटीलनं विचारलं, "सर, तुम्ही पुढं काऊन नाही होत?"

"पुढच्याले वाट दिसते, मागच्याले माणसं दिसतात," सर म्हणाले. "वाट मले पाठ हाय. तुम्ही अजून पाठ झाले नाही."

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. इंगळे सर बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. प्राध्यापक वेगळे. ते वर्गात फळ्यावर लॅटिन नावं लिहीत आणि फळा पुसून निघून जात. उरलेलं सगळं, म्हणजे काचपट्ट्या, सूक्ष्मदर्शक, वाळवलेल्या झाडांचे कागद आणि आम्ही, हे सरांकडे असे. बुटके, काळेसावळे, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला. प्रयोगशाळेत ते अगदी पुस्तकी बोलत. "पाकळ्या मोजा. घाई करू नका." पण बुलढाण्याची शेवटची घरं मागे पडली की त्यांची जीभ बदले. "आता मोकळं बोला बे," म्हणत, "इथं कोणी साहेब नाही."

दरवर्षी पितृपंधरवड्यात ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन दिवस डोंगरात नेत. बुलढाण्याहून निघायचं, बोथ्याचं जंगल पायी पार करायचं आणि डोंगराडोंगरानं अमडापूरच्या बाजूला उतरायचं. वाटेत झाडं, फुलं, पक्षी आणि माती पाहायची. त्या सहलीत गोळा केलेली झाडं कागदावर चिकटवून दाखवल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे, आणि प्रात्यक्षिकाशिवाय पदवी नाही.

आमच्या वर्गात दोनच मुली होत्या. शांता बुलढाण्याची, कारकुनाची मुलगी, बिनधास्त. मी धामणगाव बढ्याची. आमचा वांगी-मिरचीचा मळा. घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी बुलढाण्याला मावशीकडे राहून शिकत होते, आणि तेही माझ्या वडिलांनी रोज एकदा पस्तावून चालू ठेवलं होतं. पोरांबरोबर तीन दिवस रानात राहायचं, हे ऐकून ते म्हणाले, "झालं शिकणं. आता घरी ये."

मी सरांना काहीच बोलले नाही. मी कोणालाच काही बोलत नसे. हजेरीला माझा "यस सर" पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. शांतानंच सांगितलं असणार. कारण त्या रविवारी इंगळे सर एसटीनं धामणगावला उतरले आणि पत्ता विचारत आमच्या मळ्यात आले.

वडिलांनी त्यांना ओट्यावर बसवलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग आईनं कोनाड्यातला वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप काढला. मी दारामागे उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी तो कप पाहिला, चहा प्यायले, कप स्वतः विसळून उपडा ठेवला आणि कुंपणावरच्या वेलाकडे बोट दाखवून वडिलांना विचारलं, "याले तुमच्याकडं काय म्हणतात?"

"कशाले? उतरण हाय ते."

"आमच्या मायच्या गावाकडंही उतरणच म्हणतात," असं म्हणून त्यांनी खिशातून वही काढली आणि वडिलांचं नाव विचारून लिहून घेतलं. झाडाचं नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि पुस्तकातलं नाव, असे तीन रकाने त्या वहीत होते. माझ्या वडिलांचं नाव सातबाऱ्याशिवाय कुठल्या वहीत गेलं असेल, तर ते त्या दिवशी. ते जरा सैल झाले.

"रानात जनावर असते मास्तर."

"असते ना. बिबट असते, अस्वल असते."

"अन् तुम्ही पोरीले नेता?"

"माझी माय सोबत येते. पोरी तिच्यापाशी झोपतील. अन् शब्द देतो, गेली तशी आणून देईन."

वडिलांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमच्या शब्दावर धाडतो. पण पोरीच्या जिवावर काही बेतलं, तं तिचं कॉलेज त्या दिवशीच बंद. मंग मले समजवाले येऊ नका."

"नाही येणार," सर म्हणाले.

ही अट डोक्यावर घेऊन मी निघाले.

सरांच्या आईला आम्ही मावशी म्हणायचो. तिनं उभं आयुष्य त्या डोंगरात गवत कापून भारे विकले होते. सरांना अर्धी झाडं तिनंच शिकवलेली. पुस्तकातलं नाव तिला एकही येत नव्हतं, पण पान नुसतं चुरगाळून वासावरून झाड सांगायची. आम्ही एखादं सुंदर फूल पाहून हरखलो की म्हणायची, "ते ढोरंही खात नाहीत. पुढं चला." तिच्या लेखी ढोरं काय खातात ही वनस्पतिशास्त्राची पहिली कसोटी होती. सर ही गोष्ट हसून वहीत टिपून घेत, आणि तिच्या नावासकट.

सरांच्या खांद्याला तेलाच्या डब्याची एक पेटी असे. टिनवाल्याकडून झाकण आणि कडी लावून घेतलेली. त्यात ओलं फडकं, आणि त्यात झाडं. झाड उपटण्याचा त्यांचा नियम कडक होता. एकच दिसलं तर नुसतं पाहायचं. भोवती दहा-बारा असली तर एक घ्यायचं, आणि तेही सगळ्यांत मिळून. वसंतानं पहिल्याच तासाला कळलावीचं एकुलतं एक लालपिवळं फूल तोडून शांतापुढे धरलं. सरांनी त्याला काही म्हटलं नाही. दिवसभर ते फूल हातात धरून चालायला लावलं. संध्याकाळी त्याच्या मुठीत काळपट चिंधी उरली होती. "आता तिले दे," सर म्हणाले. शांता इतकी हसली की मावशीनं तिला पाणी पाजलं.

आणि हजेरी. ती त्यांची खास पद्धत होती.

निघताना सर प्रत्येकाला एकेक झाड देत. तीन दिवस तेच आपलं नाव. शांता कळलावी, वसंता धावडा, कोणी अंजन, कोणी सालई, कोणी कुर्डू. मला तरोटा. गावाबाहेर उकिरड्यावर उगवणारा, गरिबाघरी भाजीला जाणारा तरोटा. पोरं हसली. मीही मान खाली घालून हसले, कारण पावसाळ्यात आमच्याकडे तीच भाजी असे, हे कोणाला कळू नये असं मला वाटत होतं.

वाटेचं वळण आलं की सगळ्यात पुढच्यानं आपलं झाड मोठ्यानं ओरडायचं. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं, असं मागपर्यंत. शेवटी सर पुढच्याच्या झाडाचं पुस्तकातलं लॅटिन नाव ओरडणार. ते ऐकू आलं म्हणजे अख्खी रांग सुखरूप आहे. पुढे कोण चालणार याची पाळी तासातासानं बदले.

"सर, असं वरडत गेलो तं जनावर काय दिसन?" वसंता कुरकुरला.

"दुरून दिसन. तेच बरं," सर म्हणाले. "हे पाह." वाटेच्या कडेला एक वारूळ अर्धं फोडलेलं होतं, माती अजून ओली. "अस्वलाचं काम हाय. त्याले दिसते कमी, अन् खायाले लागलं की ऐकूही येत नाही. आपण अचानक समोर गेलो की ते भेते. भेलं की मारते. म्हणून आपण येऊन राह्यलो हे त्याले आधी सांगायचं. पाहुण्यानं दार वाजवावं तसं."

पहिला दिवस फार सुंदर गेला. उतारावर तेरडा इतका फुलला होता की गुलाबी लुगडं वाळत घातल्यासारखं दिसे. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, एक कळप आम्हाला पाहत उभा राहिला आणि मग कंटाळून निघून गेला. प्रत्येक वळणावर आरोळ्या उठत होत्या, आणि माझी पाळी आली की रांगेत एक भोक पडत होतं. मी तोंड हलवत होते, आवाज निघत नव्हता. शांता माझ्याऐवजी ओरडून टाकायची. सरांना ते मागून कळत होतं. संध्याकाळी एका गावच्या शाळेच्या ओसरीवर भाकरी खाताना ते म्हणाले, "तरोट्याचा आवाज मी अजून ऐकला नाही." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे चालायची पाळी माझ्यावर आली.

ती वाट एका जुन्या चुनाभट्टीवरून जात होती. त्या बाजूला काळ्या दगडात चुनखडीचा पट्टा होता. नाल्याच्या काठाला पांढरे खडे पसरलेले. पूर्वी कोणी ते भाजून चुना करत. आता भट्टी पडलेली आणि तिच्याभोवती सीताफळांचं रान माजलेलं. फळांचे डोळे उघडले होते. वास येत होता.

भट्टीच्या अलीकडे वळण होतं, आणि वळणावर दोन म्हातारे. डोक्यावरचे गवताचे भारे झाडाला टेकवून ते आम्हाला वाट द्यायला थांबले होते. एक तर आमच्या मोताळ्याच्या बाजारात येणाऱ्या माणसासारखा दिसत होता. तोच असेल तर वडिलांना ओळखणारा. लहानपणापासून एक गोष्ट आमच्या अंगात भिनवलेली होती: मोठी माणसं समोर असली की मुलीनं रस्त्यात आवाज काढायचा नाही. मी पदर सावरला, मान खाली घातली आणि त्यांच्यासमोरून गुपचूप वळण ओलांडलं. हजेरी दिली नाही. मला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. उलट आपण नीट वागलो असं वाटलं.

मान वर केली तर दहा-बारा पावलांवर अस्वल होतं. मादी. शेजारी पिल्लू. सीताफळाची फांदी खाली ओढून ती खात होती. मी थांबले, आणि पायाखालचे चुनखडीचे खडे कुरकुरले. ती वळली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. तिच्या छातीवरचा पांढरट पट्टा आणि तोंडाला लागलेला सीताफळाचा गर मला अजून दिसतो.

त्या क्षणी मला भीती वाटली का, ते मला सांगता येत नाही. वडिलांचं वाक्य मात्र लख्ख आठवलं. तिचं कॉलेज त्या दिवशीच बंद.

मागे रांग येत होती. म्हाताऱ्यांशी रामराम चालला होता. कोणाच्या काही लक्षात आलं नाही, फक्त एकाच्या आलं. सगळ्यात शेवटी चालणाऱ्या माणसाला वळणावर पहिली हाक ऐकू आली नव्हती.

"तरोटा!" मागून सरांचा आवाज आला.

मादी तशीच उभी होती.

"तरोटा!" पुन्हा. रागाचा नाही, घाबरलेला नाही. प्रयोगशाळेत हजेरी घेताना असायचा तसाच, फक्त डोंगराएवढा.

आणि मी ओरडले. "तरोटा!" माझा आवाज कसा आहे हे मला त्या दिवशी कळलं. तो समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. लगेच माझ्या पाठीशी "कळलावी!" मग "धावडा!" "अंजन!" "सालई!" म्हाताऱ्यांनीही काही न कळता "हाऽऽव!" म्हणून आरोळी ठोकली. अस्वल धपकन चारी पायांवर आलं, पिल्लाला ढुशी दिली आणि दोघं झुडपं मोडत नाल्याकडे पसार झाली.

त्या वळणावर पुस्तकातलं नाव काही ऐकू आलं नाही, कारण ते म्हणणारा माणूस धावत येऊन माझ्या पुढे उभा राहिला होता. सरांना पुढे पाहिलं ते मी तेवढंच. झुडपं हलायची थांबेपर्यंत ते हात पसरून उभे होते. मग त्यांनी खाली बसून, काहीतरी करायचं म्हणून, टिनाच्या पेटीची कडी काढायला घेतली. ती त्यांना निघेना.

मावशी मागून आली. तिनं कडी काढून दिली. "गेली ते," म्हणाली. "तिलेही लेकरू हाय. बस आता, पाणी पे."

"सर," वसंता म्हणाला, "अस्वलानं तरोटा नाही खाल्ला. कडू लागला असन."

"ढोरंही खात नाहीत त्याले," मावशी म्हणाली.

आणि मग सगळेच हसत सुटले. हसता हसता शांता रडायला लागली, मीही रडले, आणि पुन्हा हसलो. म्हाताऱ्यांनी चिलीम काढली. तो मोताळ्याचा माणूस नव्हताच. कधी त्या बाजूला गेलाही नव्हता.

पण वडिलांची अट होतीच. अमडापूरच्या एसटी स्टँडवर मी सरांना गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन त्यांच्याशी बोलले. "सर, बाबांना सांगू नका. ते कॉलेज बंद करतील."

सरांनी मान हलवली. "सांगाव लागन."

"कोणी नाही सांगणार सर. शांता नाही, वसंता नाही."

"त्याईचा शब्द नव्हता. माझा होता." मग म्हणाले, "चूकही माझी हाय. पहिल्या दिवशी तुझा आवाज आला नाही, हे मले माहीत होतं. तरी तुले पुढं केलं."

ते माझ्याबरोबरच धामणगावला आले. वडील विहिरीवर होते. सरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही कमी केलं नाही, काही वाढवलं नाही. सीताफळ, म्हातारे, दहा-बारा पावलं. मी मोटेचे बैल चालतात त्या धावेजवळ उभी राहून मातीत अंगठा रुतवत होते. माझं कॉलेज, वह्या, बुलढाण्यातली खोली, सगळं त्या विहिरीत बुडताना दिसत होतं.

सर थांबले. वडील म्हणाले, "काऊन गप्प राह्यली म्हणता ती?"

"दोन बुजुर्ग उभे होते. त्याईच्या समोर आवाज काढू नये म्हणून."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ते शिकवलं कोणी, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"अन् मंग वरडली?"

"हाव. म्हणूनच वाचलो."

"हे? हे वरडली?" वडिलांचा विश्वास बसेना. "इचा आवाज घरात भिताडाले ऐकू जात नाही. वरड पाहू कशी वरडली ते."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सर माझ्याकडे पाहत होते, आणि हजेरी देणं भाग होतं. मी डोळे मिटले आणि ओरडले. "तरोटा!"

कावळे उडाले. घरातून आई पिठाच्या हातांनी धावत आली, "काय झालं वो? कोण पडलं इहिरीत?"

वडील आधी दचकले, मग मोटेचा दोर धरून जे हसत सुटले ते थांबेचनात. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "काही नाही झालं. मास्तरले घरात घे. चहा ठेव."

आई ओट्याकडे वळली, तसे ते पुन्हा म्हणाले, "घरात म्हणलं मी."

त्या दिवशी चहा आला तो दोन कपांत. दोन्ही एकाच जोडीचे होते. पाहुण्यांसाठी ठेवलेले, निळ्या काठाचे. सर चहा प्यायले आणि सवयीनं कप विसळायला उठले. आईनं तो हातातून काढून घेतला. कॉलेजचा विषय त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. पुढल्या वर्षी सहलीला सात मुली होत्या, आणि माझे वडील गावात ज्याला त्याला सांगत, "धाडा हो, काही होत नाही. आमची अस्वलापुढून आली."

मी पदवीधर झाले, बी.एड. केलं आणि देऊळगाव राजाला मुलींच्या शाळेत लागले. सर डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्या वहीचं पुढे पुस्तक व्हायला हवं होतं, झालं नाही. त्याची खंत मला आहे. त्यांना होती की नाही, ठाऊक नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "ज्याईची नावं लिहिली त्याईले वाचून दाखवली ना."

त्यांना शेवटचं पाहिलं ते देऊळगावच्या एसटी स्टँडवर. मी मुलींना घेऊन बाहेर पडले होते, गावाबाहेरच्या टेकडीवर झाडं दाखवायला. बावीस मुली पुढे, मी मागे. बुलढाण्याची गाडी सुटत होती. तिच्या सगळ्यात मागच्या सीटवर, खिडकीशी, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला. केस पार पांढरे. मांडीवर तीच टिनाची पेटी. त्यांचं लक्ष आमच्या रांगेकडे होतं. मुली मोजत असावेत.

गाडी हलली. स्टँडवर ओळखीची माणसं होती. दोन पालक होते, आमच्या शाळेचे अध्यक्ष पानाच्या ठेल्यापाशी उभे होते. मी पदर खोचला आणि सगळ्यांदेखत ओरडले, "तरोटा!"

अध्यक्षांच्या हातातलं पान पडलं. मुली थिजून माझ्याकडे पाहू लागल्या. खिडकीतल्या माणसानं मान बाहेर काढली, पण तोवर गाडी फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळत होती आणि त्यांचा चेहरा दिसेनासा झाला.

वळणापलीकडून आवाज मात्र आला. म्हातारा, फाटलेला, पण स्पष्ट.

"कॅसिया टोरा!"